दोन शिष्य आणि एक हंस

प्रत्येक भाषेत काही शब्दसमूह असे असतात, की ते कानी पडताच त्यांच्यामागे उभी असलेली गोष्ट आपल्या मनात जागी होते. ‘भगीरथ प्रयत्न’ म्हटले की गंगा पृथ्वीवर आणणारा राजा आठवतो. ‘भीष्मप्रतिज्ञा’ म्हटले की हस्तिनापूरचा तरुण देवव्रत डोळ्यांपुढे येतो. ज्याला ती गोष्ट ठाऊक नाही, त्याला कोशातील अर्थ कळेल. पण त्या शब्दांतील मर्म त्याच्या हाती लागणार नाही. चिनी भाषेत अशा शब्दसमूहांचे भांडार फार मोठे आहे. त्यांना तेथे ‘छंग-यू’ असे म्हणतात. त्यांपैकी बहुतेक अवघ्या चार अक्षरांचे असतात. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षराला सामान्यतः स्वतःचा अर्थ असल्यामुळे चार अक्षरांत एखादा अनुभव किंवा एखादी संपूर्ण कथा साठवणे त्या भाषेला सहज साधते.

चित्ताच्या एकाग्रतेविषयी चिनी लोक जे छंग-यू नित्य वापरतात, त्यांत एक विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा उच्चार ‘च्वान-शिन-चि-चि’ असा काहीसा होतो. यांतील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘केवळ एकाच ठिकाणी लावलेले’ असा आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘हृदय’. मात्र प्राचीन चिनी लोक विचाराचे आणि भावनेचे स्थान एकच मानीत. म्हणून हे अक्षर हृदय आणि मन या दोहोंसाठी वापरले जाते. तिसऱ्या अक्षराचा अर्थ ‘पूर्णत्वास नेणे, शेवटपर्यंत पोहोचविणे’, आणि चौथ्याचा ‘संकल्प, ध्येय’ असा आहे. या चौथ्या अक्षराच्या खालच्या भागात पुन्हा ‘हृदय’ हेच चिन्ह असून त्याच्या जुन्या रूपात वरच्या भागी ‘जाणे’ या अर्थाचे चिन्ह होते. म्हणून ‘मन जिकडे जाते, तो संकल्प’ अशी त्याची फोड चिनी पंडित करीत आले आहेत. चारही अक्षरे एकत्र वाचली, म्हणजे ‘मन एकाच ठिकाणी लावून संकल्प तडीस नेणे’ असा अर्थ निष्पन्न होतो.

हे शब्द ज्या ग्रंथातून आले, तो ग्रंथ मेन्शियस या तत्त्ववेत्त्याच्या नावाने ओळखला जातो. चिनी लोक त्याला मंग-त्झ म्हणतात; ‘मेन्शियस’ हे त्या नावाचे लॅटिन वळणाचे रूप आहे. परंपरेप्रमाणे त्याचा काळ इ. स. पूर्व ३७२ ते २८९ असा मानतात. आजच्या शांतुंग प्रांताच्या प्रदेशात त्याचा जन्म झाला. कन्फ्यूशियस इ. स. पूर्व ४७९ मध्ये निवर्तला होता. त्याच्या उपदेशाचा सर्वांत थोर अनुयायी म्हणून पुढे मेन्शियसचे नाव झाले. तो काळ मोठा अशांत होता. चीनमध्ये त्या वेळी एकछत्री राज्य नव्हते. अनेक राज्ये परस्परांशी झगडत होती, गावे ओसाड होत होती आणि शेतकऱ्यांची तरणीताठी मुले सैन्यात ओढून नेली जात होती. इतिहासकार या काळाला ‘लढत्या राज्यांचा काळ’ असेच नाव देतात. अशा वेळी मेन्शियस एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात असे आणि राजांना सांगत असे, की तलवारीपेक्षा दयेने राज्य करणारा राजा अधिक बलवान ठरतो.

अशाच एका राजाविषयी बोलताना मेन्शियसने ही गोष्ट सांगितली. ग्रंथात राजाचे नाव दिलेले नाही. परंतु तो छी नावाच्या राज्याचा राजा असावा, असे जुन्या भाष्यकारांनी म्हटले आहे. या राज्याच्या दरबारात मेन्शियस काही वर्षे राहिला होता. तेव्हा लोकांना साहजिकच प्रश्न पडे, की एवढा ज्ञानी पुरुष जवळ असूनही राजा शहाणा कसा होत नाही? दोष राजाच्या बुद्धीचा, की सल्लागाराच्या शिकवणुकीचा?

मेन्शियसने उत्तरादाखल प्रथम एका रोपट्याचा दृष्टान्त दिला. जगात कितीही सहज वाढणारे रोप घ्या. त्याला एक दिवस ऊब दिली आणि पुढे दहा दिवस थंडीत गारठत ठेवले, तर ते जगेल काय? राजाची आणि आपली भेट क्वचितच घडते, असे तो सांगतो. आपली पाठ वळताच राजाला पुन्हा गारठवून टाकणारे लोक त्याच्याभोवती जमतात. मग त्याच्या मनात सद्विचाराचा एखादा अंकुर फुटला, तरी तो कसा टिकावा? या दृष्टान्तातूनही चिनी भाषेला एक चार अक्षरी शब्दसमूह मिळाला आहे. ‘एक दिवस ऊन, दहा दिवस थंडी’ असा त्याचा अर्थ असून, आज उत्साहाने आरंभ करून उद्या ते काम सोडून देणाऱ्या मनुष्याविषयी तो वापरतात.

परंतु मेन्शियस येथेच थांबला असता, तर सारा दोष राजाच्या सोबत्यांवर गेला असता आणि राजा निर्दोष सुटला असता. म्हणून त्याने लगेच दुसरा दृष्टान्त दिला. तो आहे बुद्धिबळासारख्या एका खेळाचा.

या खेळाचे चिनी नाव ‘वै-छी’. त्याचा अर्थ ‘वेढा घालण्याचा खेळ’ असा होतो. जपानात याच खेळाला ‘गो’ म्हणतात. एका चौकोनी पटावर आज उभ्या एकोणीस व आडव्या एकोणीस रेषा आखलेल्या असतात. हान राजवटीच्या काळातील एक दगडी पट सापडला आहे, त्यावर मात्र दोन्ही बाजूंनी सतरा-सतराच रेषा आहेत. एकाजवळ काळ्या व दुसऱ्याजवळ पांढऱ्या सोंगट्या असतात. त्या घरांत न ठेवता, रेषा जेथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर ठेवायच्या. असे ३६१ बिंदू आजच्या पटावर असतात. एकदा ठेवलेली सोंगटी सरकवता येत नाही. ती चोहोंकडून वेढली गेली, तरच उचलली जाते. आपल्या सोंगट्यांनी अधिकाधिक जागा वेढणे हे खेळाचे उद्दिष्ट. नियम इतके थोडे आहेत, की लहान मूलही ते एका दिवसात शिकू शकेल. पण पटाच्या एका कोपऱ्यात ठेवलेल्या सोंगटीचा परिणाम शंभर चालींनंतर दुसऱ्या कोपऱ्यात कसा दिसेल, हे ओळखण्यास आयुष्य अपुरे पडते. १९९७ मध्ये संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरविले. परंतु वै-छीमधील अग्रगण्य खेळाडूवर तसा विजय मिळविण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

मेन्शियस म्हणतो, की राज्यकारभाराच्या मानाने पाहता वै-छी ही एक क्षुल्लक कला आहे. तरीसुद्धा मन पूर्णपणे लावल्यावाचून ती अंगी येत नाही. हे सांगताना त्याने जे शब्द योजले, तेच पुढे च्वान-शिन-चि-चि म्हणून रूढ झाले. त्यानंतर तो पुढील चित्र आपल्यापुढे उभे करतो.

छ्यू नावाचा एक मनुष्य होता. संपूर्ण देशात त्याच्या तोडीचा वै-छी खेळणारा दुसरा नव्हता. खेळाचेच जुने नाव त्याच्या नावाला जोडून लोक त्याला यी-छ्यू म्हणत. समजा, या छ्यूकडे दोन शिष्य शिकत आहेत. दोघे एकाच वेळी, एकाच पटासमोर बसले आहेत. एकाचे सारे मन पटावर आहे. गुरूने सोंगटी कोठे ठेवली, का ठेवली, दुसरीकडे ठेवली असती तर काय झाले असते, एवढेच त्याच्या कानी व ध्यानी आहे. दुसराही ऐकतो आहे. त्याचे कान उघडे आहेत, डोळेही पटाकडेच आहेत. परंतु त्याच्या मनात एक हंस उडत आहे. आता आकाशातून हंस येईल, आपण धनुष्य वाकवू, बाणाला रेशमी दोर बांधू आणि नेम धरून तो सोडू, असे त्याचे चालले आहे. त्या काळी चीनमध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बाणाला खरोखरच असा दोर बांधीत, म्हणजे पक्षी बाणासह ओढून घेता येई. शिष्याने विचार किती बारकाईने केला होता, हे यावरून दिसते. ही सर्व बारकाई पटावर खर्च झाली असती, तर!

दोघे एकत्र शिकले, पण त्यांचे कौशल्य सारखे झाले नाही. मेन्शियस येथे विचारतो, की दुसऱ्याची बुद्धी कमी होती म्हणून असे झाले काय? आणि त्याचे उत्तर नि:संदिग्ध आहे: नाही.

या लहानशा गोष्टीत कोणती सामग्री मेन्शियसने समान ठेवली आहे, ते नीट पाहण्याजोगे आहे. गुरू एकच, आणि तोही देशातील सर्वश्रेष्ठ. म्हणजे शिकवण्यात उणीव नाही. पट एक, वेळ एक, धडा एक. दुसरा शिष्य गैरहजर राहत नाही की झोपही काढीत नाही. बुद्धीत फरक नाही, हे तर मेन्शियसने स्वतःच सांगितले. मग उरले काय? उरले एकट्या मनाचे ठिकाण. एकाचे मन पटावर होते, दुसऱ्याचे आकाशात.

दुसरी गोष्टही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. हंस प्रत्यक्षात आलेलाच नव्हता. बाहेर पंखांचा आवाज झाला आणि शिष्याचे लक्ष विचलित झाले, असे मेन्शियस सांगत नाही. हंस येईल, एवढे त्या शिष्याला वाटत होते. रोपट्याच्या दृष्टान्तात थंडी बाहेरून येत होती. या दृष्टान्तातील हंस आतूनच उठला आहे. राजाच्या खुशमस्कऱ्यांना दूर घालविता येईल, पण मनात उडणाऱ्या हंसाला कोण घालविणार? ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. दोन दृष्टान्त एकाशेजारी एक ठेवण्यात मेन्शियसचा हाच हेतू दिसतो. परिस्थिती प्रतिकूल असते हे त्याने मान्य केले. परंतु परिस्थितीच्या आड लपण्यास त्याने कोणालाही जागा ठेवली नाही.

आता पुन्हा राजाकडे वळू. छीचा राजा श्युआन हा मूळचा निर्दय नव्हता. एकदा तो दिवाणखान्यात बसला असता एक बैल समोरून नेला जात होता. नव्या घंटेला रक्ताचा विधी करण्यासाठी त्याचा बळी द्यावयाचा होता. त्याचे भीतीने थरथरणे राजाला पाहवले नाही. त्याने त्याला सोडावयास लावले आणि त्याच्या जागी मेंढी नेण्यास सांगितले. राजा कंजूष आहे, असे लोक म्हणाले. मेन्शियसने मात्र त्यात करुणेचा अंकुर ओळखला. जे मन बैलाची व्यथा जाणते, त्याला प्रजेची व्यथा जाणणे अशक्य नाही, असे त्याने राजाला समजावून सांगितले.

राजाने ते ऐकले. पण ऐकणे आणि मनावर घेणे यांतील अंतर लवकरच दिसून आले. इ. स. पूर्व ३१४ च्या सुमारास शेजारच्या येन राज्यात बेबंदशाही माजली. छीच्या सैन्याने ते राज्य जिंकले. आपली सुटका झाली, या आशेने येनच्या लोकांनी आरंभी त्या सैन्याचे अन्नपाण्याने स्वागत केले. पण सैन्याने माणसे मारली, तरुणांना बांधून नेले, देवळे पाडली आणि मौल्यवान पात्रे लुटली. वृद्धांना व मुलांना सोडा, लूट थांबवा, येनच्या लोकांच्या विचाराने त्यांना राजा नेमून द्या आणि परत फिरा, असे मेन्शियसने सांगितले. राजाने तसे केले नाही. पुढे येनचे लोक उलटले, तेव्हा मेन्शियसला तोंड दाखविण्याची आपल्याला लाज वाटते, अशी कबुली राजाने दिली. काही काळाने मेन्शियस ते राज्य सोडून निघून गेला. गुरू जवळ होता, धडाही मिळाला होता; परंतु राजाचे मन दुसऱ्याच हंसावर होते, आणि त्याची किंमत हजारो निरपराध लोकांनी मोजली. वै-छीचा शिष्य लक्ष न देता शिकला, तर फार तर तो एक डाव हरेल. ज्याच्या हाती इतरांचे जीवन आहे, त्याचे लक्ष ढळले तर काय होते, हे या इतिहासावरून उमगते.

एका दरबारी प्रसंगातील शब्द सर्व चिनी लोकांच्या तोंडी कसे गेले, हाही प्रश्न मनात येतो. बाराव्या शतकात चू-शी या पंडिताने कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथ शिक्षणाचा पाया म्हणून पुढे आणले. मेन्शियसचा ग्रंथ त्यांपैकी एक होता. १३१३ साली राजाज्ञेने हे चार ग्रंथ सरकारी परीक्षांसाठी नेमले गेले. त्या परीक्षा १९०५ मध्ये बंद होईपर्यंत, ज्याला अधिकारपद हवे असे त्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा ग्रंथ मुखोद्गत करावा लागे. अशा रीतीने शतकानुशतके ही गोष्ट घरोघर पाठ झाली. आजही चीनमधील प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात ‘वै-छी शिकणे’ या अर्थाच्या नावाने ती मुलांना शिकविली जाते.

ही कथा वाचताना भारतीय वाचकाला महाभारतातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. झाडावर ठेवलेल्या कृत्रिम पक्ष्यावर नेम धरताना तुला काय दिसते, असे द्रोणांनी प्रत्येक शिष्याला विचारले. आणि ज्याला पक्ष्याच्या मस्तकावाचून काहीच दिसत नव्हते, तो अर्जुनच उत्तीर्ण झाला. दोन्ही कथांत गुरू आहे, शिष्य आहेत, धनुष्य आहे आणि पक्षीही आहे. तथापि भारतीय कथेत पक्षी हे एकाग्रतेचे लक्ष्य आहे, तर चिनी कथेत तोच पक्षी एकाग्रतेचा भंग करतो. यावरून असे दिसते, की कोणतीही वस्तू मुळात चित्ताची शत्रू नसते. धनुर्विद्येच्या वेळी हंसाचा विचार करणारा शिष्य कदाचित पहिला आला असता. चुकीची होती ती वेळ.

एकाग्रता जन्मजात असते की मिळवावी लागते, याचे उत्तर मेन्शियसच्याच शतकातील च्वांग-त्झ या ताओ मताच्या तत्त्ववेत्त्याने एका कथेतून दिले आहे. झाडांना चिकटून उन्हाळ्यात एकसारखा किर्र आवाज करणारे किडे एक कुबडा म्हातारा लांब काठीच्या टोकाने टिपीत होता. आणि तेही जमिनीवरचा खडा उचलावा इतक्या सहजतेने. त्याचे रहस्य कन्फ्यूशियसने विचारले, असे कथेत म्हटले आहे. म्हाताऱ्याने सांगितले, की पाच-सहा महिने तो काठीच्या टोकावर गोळ्या तोलून धरण्याचा सराव करीत होता. दोन गोळ्या पडेनाशा झाल्या, तेव्हा थोडेच किडे निसटू लागले. तीन तोलता येऊ लागल्या, तेव्हा दहांतून एकच निसटे. आणि पाच स्थिर राहू लागल्या, तेव्हा एकही निसटेना. किडा टिपताना त्याचे शरीर झाडाच्या बुंध्यासारखे निश्चल होई आणि अफाट सृष्टीतून त्याला त्या किड्याच्या पंखांखेरीज काहीच दिसत नसे. ज्याचा संकल्प दुभंगत नाही त्याचे चित्त घट्ट होते, असा बोध कन्फ्यूशियसने शिष्यांना दिल्याचे च्वांग-त्झ लिहितो. येथे ‘संकल्प’ म्हणून आलेले अक्षर आपल्या शब्दसमूहातील चौथेच अक्षर आहे. दोन गोळ्या, मग तीन, मग पाच. एकाग्रता अशी पायरीपायरीने वाढते.

वर्गात एखादा विषय समजला नाही, की ‘मला त्याची बुद्धीच नाही’ असा निकाल विद्यार्थी स्वतःविरुद्ध फार लवकर देऊन मोकळा होतो. कधी कधी वडीलधारी माणसेही तसा निकाल देतात. एकदा तो दिला, की प्रयत्नाची वाटच बंद होते. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी मेन्शियसने या निकालाला हरकत घेतली. बुद्धी कमी आहे असे म्हणण्यापूर्वी, धडा चालू असताना मन कोठे होते, एवढे विचारा, असे त्याचे सांगणे आहे. या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला किंवा गुरूला बाहेरून दिसत नाही, कारण दुसऱ्या शिष्याचे डोळेही पटाकडेच होते. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते. आणि मन आकाशात गेले होते असे आढळले, तर त्यात निराश होण्याजोगे काही नाही. कारण उणीव बुद्धीची असती, तर ती भरून काढणे कठीण होते. भटकलेले मन मात्र पुन्हा पटावर आणता येते.

स्वाध्याय

१. ‘च्वान-शिन-चि-चि’ या शब्दसमूहातील प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगून संपूर्ण शब्दसमूहाचा अर्थ लिहा.
२. रोपट्याच्या दृष्टान्तानंतर मेन्शियसला दोन शिष्यांचा दृष्टान्त देण्याची गरज का वाटली?
३. ‘हंस प्रत्यक्षात आलेलाच नव्हता.’ या वाक्याचे मर्म तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. राजा श्युआनच्या ठिकाणी करुणेचा अंकुर होता, हे कोणत्या प्रसंगावरून दिसते? तो अंकुर टिकला नाही, हे कशावरून कळते?
५. द्रोणाचार्यांची कथा व यी-छ्यूची कथा यांतील साम्य आणि भेद लिहा.
६. पुढील शब्दसमूहांमागील कथा मिळवा व आपल्या वहीत लिहा : भगीरथ प्रयत्न, सुदाम्याचे पोहे, भीष्मप्रतिज्ञा.